दुपारच्या विजेवरचं जाझ

जाझ नावाच्या संगीताला जगात दोनच राजधान्या झाल्या. एक अमेरिकेतलं कुठलंसं बंदर आणि दुसरी सांगलीची हळदपेठ. पहिलीवर पुष्कळ पुस्तकं आहेत म्हणतात. दुसरीबद्दल सांगायला माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, आणि मी सांगतो त्यातलं निम्मं वजा करून घ्यायची माझ्या ओळखीच्या लोकांना सवय आहे. खुशाल वजा करा. उरेल तेवढंही पुरेल.

ही दुसरी राजधानी म्हणजे आमचे घरमालक, आण्णा.

सत्तरच्या दशकात मी एका औषध कंपनीची काळी बॅग घेऊन सांगली, कराड, सातारा असा एस.टी.तून हिंडत होतो. डॉक्टरांना गोळ्यांचे गुण सांगायचे, हा धंदा. तेव्हापासून माझ्या जिभेला जे वळण लागलं ते लागलंच. आण्णांच्या अडत दुकानावरच्या माडीत मी भाड्यानं राहायचो. खाली हळदीच्या पोत्यांची थप्पी, वर मी. ती हळद माझ्यात इतकी मुरली की माझा बनियन धुतला की नदीचं पाणी हरिपूरपर्यंत पिवळं व्हायचं. मुलगी बघायला गेलो तेव्हा तिच्या मामांनी मला निरखून विचारलं, "हळद आधीच लावून आणलाय काय मुलग्याला?"

आण्णा जैन. उंच, वाळक्या अंगाचे, पांढरी टोपी, दुटांगी धोतर, आणि कान असे की टोपी त्यांच्यावरच टेकलेली. सूर्यास्ताच्या आत जेवण, दिवेलागणीनंतर पाण्याचा घोट नाही, आणि लोक सिनेमाच्या रांगेत उभे राहतात त्या वेळेला आण्णांची पहिली झोप झालेली. असा माणूस, ज्यानं आयुष्यात चहासुद्धा दुधाच्या भरवशावर घेतला, तो दर आठवड्याला जाझवर लिहायचा. दारूच्या गुत्त्यांत आणि रात्रीच्या नाचघरांत वाढलेल्या संगीतावर.

याचं मूळ त्यांच्या धंद्यात होतं. हळदीची पारख डोळ्यानं आणि नाकानं करतात असं आपण समजतो. पेठेतले जुने लोक ती कानानं करत. हळकुंड कानाजवळ नेऊन मोडायचं. चांगलं वाळलेलं असेल तर ते टण्ण आवाज करतं, धातूसारखा. ओल राहिली असेल तर पचकन मोडतं. आण्णांचा कान या कामात असा तयार होता की तासगावकडचा शेतकरी पोतं उतरवत असतानाच ते म्हणत, "वरचं वाळलंय, तळाला घाई झालीय." आणि तळाला घाई झालेली असायची. दोन व्यापाऱ्यांत तंटा लागला की हळकुंड आण्णांच्या कानापाशी मोडायचं, आणि ते म्हणतील ते मान्य करायचं, हा पेठेचा रिवाज होता. "आण्णाचा कान" ही तिथं बोलण्यातली गोष्ट होती, जशी इतरत्र "देवाची शपथ" असते.

तर मिरज जंक्शनवरचा एक अँग्लो-इंडियन गार्ड, ज्याच्या गाडीनं आण्णांची हळद वर्षानुवर्षं परगावी जायची, तो बायकामुलांसकट कायमचा ऑस्ट्रेलियाला निघाला. जाताना त्यानं विजेवरचा एक रेकॉर्ड प्लेअर आणि रेकॉर्डींची एक लोखंडी ट्रंक आण्णांकडे आणून ठेवली. म्हणाला, हे जाझ आहे, सांभाळा, माझ्या सामानात जागा नाही. रेकॉर्डींच्या मधोमध नावं असतात, त्यांवर त्यानं रेल्वेची पार्सलाची लेबलं डकवून आकडे टाकले होते. त्यामुळे कोण वाजवतंय, कोण गातंय, काही कळायची सोय नव्हती. आण्णांना त्याची अडचण वाटली नाही. ते म्हणाले, "पोत्यावर शेतकऱ्याचं नाव वाचून भाव करायचा नसतोय."

आणि मग आण्णांनी मालाची पारख सुरू केली.

ऐकायची जागा दुकानाच्या मागचा सोपा. वेळ दुपारची, जेवणानंतर, ऊन टळटळीत असताना. याबाबत त्यांचा कडक नियम होता. हळदीचा नमुना ते सावलीत कधी बघत नसत, उन्हात धरून बघत. रेकॉर्डीलाही तोच नियम. मी एकदा विचारलं की आण्णा, हे रात्रीचं संगीत म्हणतात, रात्री का नाही ऐकत? मला ते गोळीवाले म्हणत. म्हणाले, "गोळीवाले, रात्री सगळाच माल बरा दिसतोय. रात्री सौदा करायचा आन् सकाळी रडायचं. माल उन्हात बघावा."

आण्णांच्या मावसभावाचं एक साप्ताहिक होतं. त्यात उसाच्या बातम्या आणि वधू-वरांच्या जाहिराती यांच्यामध्ये वीतभर जागा दर आठवड्याला ओस पडायची. तिथं आण्णांचा स्तंभ सुरू झाला. त्यातली बरीच कात्रणं माझ्याकडे आहेत. ती दोनदा पिवळी झालीत, एकदा हळदीनं आणि एकदा वयानं. चार नंबरच्या रेकॉर्डीतल्या सॅक्सोफोनवाल्याबद्दल आण्णांनी लिहिलं होतं: "हा इसम घाटाच्या चढाला लागलेल्या बैलासारखा आहे. दम खाईल, पण गाडी मागे सरकू देणार नाही." अकरा नंबरच्या ट्रंपेटवाल्याबद्दल: "याला सांगायचे पुष्कळ आहे, परंतु घरात पाहुणे बसले आहेत." मी त्यानंतर शहरांत राहिलो, मोठमोठ्या लोकांनी इंग्रजीत लिहिलेली जाझची परीक्षणं वाचली. त्यांत नावं, गावं, साल, सगळं अचूक असतं. घरात पाहुणे बसले आहेत हे मात्र कुणाला ऐकू आलेलं दिसत नाही.

सगळ्यात जास्त त्यांनी लिहिलं ते सात नंबरबद्दल. सात नंबरमध्ये एक गवई होता. जड, खोल आवाजाचा. मागे क्लॅरनेट असा लांबत जाई की वाटे, माणूस दारात उभा आहे आणि त्याला जावंसं वाटत नाही. आण्णांनी लिहिलं होतं: "हा गवई कुणाला तरी पोहोचवून परत आलेला आहे. त्याच्या पायांत चाल नाही. जगात यापरते सावकाश आणि यापरते खरे गाणे नसेल." वर्षातून दोनतीनदा तरी ते सात नंबरकडे परत यायचे, जसं कुणी समाधीला जाऊन येतं.

त्यांचा एक सिद्धांतही होता, ज्याची पेठेत पुष्कळ चेष्टा झाली. आण्णांचं म्हणणं, जाझला ऋतू असतात. एकच रेकॉर्ड उन्हाळ्यात पोक्त असते आणि पावसाळ्यात पोरकट होते. श्रावणात त्यांनी लिहिलेलं परीक्षण आणि चैत्रात लिहिलेलं परीक्षण एकाच रेकॉर्डीचं आहे यावर कुणाचा विश्वास बसत नसे. चार नंबरचा बैल श्रावणात "खोंड" होई. आण्णा म्हणत की आपल्याकडे नाही का मल्हार, वसंत? त्यांच्याकडेही असणार. मला हे इतकं पटलं होतं की कराडच्या एका डॉक्टरांना मी हा सिद्धांत खोकल्याच्या औषधाबरोबर फुकट दिला होता.

या स्तंभाला वाचक किती? मावसभाऊ छापण्यापुरता वाचायचा, मी वाचायचो, आणि तिसरा वाचक सातारच्या अलीकडे एका गावात होता. त्यानं आमची झोप उडवली.

हा तिसरा वाचक म्हणजे एक निवृत्त सुभेदार. दुसऱ्या महायुद्धात पलटणीच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवत इटलीपर्यंत जाऊन आलेला. मिशा अशा की त्यांच्या टोकांवर एकेक पाखरू निवांत बसावं. गावात त्यांनी शिस्त एवढी लावली होती की म्हशी चरायला जाताना डावा पाय आधी टाकत. माझी ओळख सातारच्या एका दवाखान्यात झाली. मी वेळ घालवायला आणलेलं साप्ताहिक त्यांनी माझ्या हातातून घेतलं, आण्णांचा स्तंभ वाचला, आणि दवाखाना दणाणला. त्यांचं म्हणणं, ह्या माणसाच्या वर्णनावरून ती गाणी आपल्याला ओळखू येतात, पण हा माणूस बहिरा आहे. इटलीतल्या छावणीत गोऱ्या पलटणींचे बँड हीच गाणी वाजवायचे, आम्हीही ती उचलली होती. त्यातलं एकही रडकं नव्हतं. आणि हा सात नंबरचा गवई म्हणतो, तो गवई नाही. ती बाई आहे.

मग पत्रं सुरू झाली. सुभेदार लिहायचे, आण्णा स्तंभातून उत्तर द्यायचे, आणि ने-आण माझी बॅग करायची. दीड-दोन वर्षं हे चाललं. सुभेदारांकडे रेकॉर्ड नव्हती, नुसती आठवण होती; आण्णांकडे रेकॉर्ड होती. आण्णा लिहीत, आठवणीवर भाव होत नसतो, नमुना दाखवा. सुभेदार लिहीत, मी त्या गाण्यावर नाचलो आहे, माझे गुडघे हाच नमुना.

गंमत म्हणून सुरू झालेलं हे भांडण हळूहळू पेठेत पोचलं, आणि तिथं त्याची गंमत राहिली नाही. ज्या माणसाला बाई आणि बाप्या ओळखू येत नाही त्याच्या कानावर आपण मालाचा निवाडा सोपवतो, असं कुणीतरी हसत बोललं. हसत बोललेलं पेठेत सगळ्यात लांब जातं. आण्णांनी ते ऐकलं, टोपी नीट केली, आणि भांडणाची बातमी लागून सातारच्या एका वाचनालयानं व्याख्यानाला बोलावलं होतं तिकडे होकार कळवला. मला म्हणाले, "सुभेदाराला पयल्या रांगेत बसवा. सात नंबर त्याच्या म्होरं लावतो. मग कुनाचा कान खरा, कुनाचा खोटा, एकदा हून जाऊं दे."

मशीन त्यांनी स्वतःचंच नेलं. परक्या तराजूवर माल तोलायचा नाही. एस.टी.त मशीन मांडीवर, रेकॉर्डी हळदीच्या पोत्यात गवत घालून माझ्या मांडीवर. कराडला गाडी थांबली तेव्हा कंडक्टरनं विचारलं की ह्यात काय आहे. आण्णा म्हणाले, दुःख आहे. कंडक्टरनं त्याचं तिकीट मागितलं नाही.

व्याख्यान दुपारी चारला ठेवलं होतं, म्हणजे आण्णांना उजेडात जेवून घेता यावं. पेन्शनर मंडळी, दोनचार मास्तर, आणि पहिल्या रांगेत सुभेदार, काठीवर दोन्ही हात ठेवून, मिशांना तूप लावून. आण्णा सुरेख बोलले. ज्यांनी जन्मात जाझ ऐकलं नव्हतं त्या पेन्शनरांचे डोळे सात नंबरच्या नुसत्या वर्णनानं ओले झाले. मग आण्णांनी सुई टेकवली.

आणि पोत्यातून दुसराच कुणी बाहेर आला.

क्लॅरनेट लांबत जाणं सोडा, तो अंगणात पोरासारखा उड्या मारत सुटला. ढोल तडतडायला लागले. आणि गवई गायला लागला तो गवई नव्हताच. बाई होती. चांगली खणखणीत, ठसकेबाज, पदर खोचलेली बाई. आण्णांनी आधी सुईकडे बघितलं, मग लेबलाकडे. सातच होता. फिरणाऱ्या रेकॉर्डीवर त्यांनी एक बोट हलकेच टेकवलं, पळत्या वासराच्या पाठीवर टेकवावं तसं. ते काही थांबेना.

सुभेदार उभे राहिले होते. काठी काखेत मारून त्यांनी तिथल्या तिथं दोन पावलं टाकली, एक गिरकी घेतली, आणि अख्खं वाचनालय हसायला लागलं. गाणं संपल्यावर ते मंचाच्या कडेला आले.

"काय आण्णा," ते म्हणाले, "बाई हाय का बाप्या?"

आण्णा त्यांच्याकडे बघत नव्हते. ते मंचावरच्या दिव्याकडे बघत होते. बराच वेळ बघितल्यावर हळू आवाजात मला म्हणाले, "गोळीवाले, हितला बल्ब पांढरा हाय."

मला काही कळलं नाही. बल्ब पांढराच असणार.

"आमच्या सोप्यातला दुपारी हळदीगत असतोय."

मग मला कळलं. सांगलीच्या आसपास नदीकाठानं ऊस. दुपारी सगळ्या मळ्यांतल्या पाण्याच्या मोटारी एकदम सुरू, आणि गावातली वीज पार बसून जायची. आमच्या दुकानातला पंखा दुपारी असा फिरे की त्याच्या पात्यावर माशी डुलकी काढून उठत असे. तेवढ्याच बसक्या विजेवर आण्णांचं मशीन फिरायचं, रेंगाळत, दमत, आणि त्या संथ चालीत बाईचा आवाजही बाप्यासारखा जड होई. रात्री मोटारी बंद असत, वीज भरात येई, पण तेव्हा आण्णा झोपलेले. आणि पावसाळ्यात उसाला पाणी लागत नाही, म्हणून श्रावणात बैलाचा खोंड होई. सातारा डोंगराच्या अंगावर बसलेला गाव, त्या भागात मळ्यांच्या मोटारी नाहीत. तिथं दिवसाउजेडी सात नंबर पहिल्यांदा आपल्या पायांवर चालली होती.

म्हणजे इतकी वर्षं आण्णांनी ज्या गवयावर लिहिलं तो गवई जगात जन्मालाच आला नव्हता. तो किर्लोस्करवाडी ते सांगली पट्ट्यातल्या उसानं तयार केला होता.

त्यांनी हे तिथंच लपवलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. मशीन बिघडलंय म्हटलं की झालं. आण्णा उठले आणि सभेला म्हणाले, "मंडळी, ह्यो माल मी आज पयल्यांदाच बघतोय. याच्याबद्दल मला काय सांगता यायचं न्हाई." आणि बसले. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणालाच कळलं नाही.

परत आल्यावर स्तंभ बंद झाला. साप्ताहिकानं त्या जागेत खताची जाहिरात घातली. मशीनवर पोत्याचं कापड पडलं. मला वाटलं होतं की दोन आठवड्यांत आण्णा या गोष्टीची स्वतःच थट्टा करतील, त्यांना ती कला होती. पण एक दिवस मी जिन्यानं उतरत असताना आक्कांनी, म्हणजे आण्णांच्या पत्नींनी, मला स्वयंपाकघराच्या दाराशी थांबवलं. आक्का एरवी माझ्याशी भाडं आणि ताक या दोनच विषयांवर बोलायच्या.

"हळकुंड मोडून दुसऱ्याच्या कानाला लावायलेत," त्या म्हणाल्या. "इचारायलेत, कसं वाजलं? असं कदी झालं न्हाई."

मी दुकानात जाऊन बसलो आणि पाहिलं. खरं होतं. एका शेतकऱ्याचा नमुना आण्णांनी मोडला, कानाशी धरला, पुन्हा एक मोडला, आणि मग दुकानातल्या दिवाणजींच्या कानाशी नेला. शेतकरी त्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. तंटा लागला की पेठेतले लोक आण्णांच्या दुकानावरून पुढे जाऊ लागले, तोंडानं नमस्कार करत.

सातारला मी सुभेदारांच्या घरी गेलो की ते साप्ताहिक मागत. खताची जाहिरात बघून परत देत. पहिल्या खेपेला म्हणाले, पळाला. दुसऱ्या खेपेला अंक उलटसुलट करून बघितला. तिसऱ्या खेपेला त्यांनी विचारलं की शेठ आजारी-बिजारी हाय काय. मी नाही म्हटलं. त्यावर ते गुरगुरले की मग चूक झाली म्हणून छापत का नाही, आणि मी येतोच छापून घ्यायला.

आणि खरंच आले. चैत्र संपत आला होता, रस्त्यावरचं डांबर चपलेला धरून ठेवत होतं. कडक इस्त्रीचा सदरा, छातीवर पदकांच्या फिती, काठी. आण्णांनी त्यांना आत नेलं, पाय धुवायला पाणी दिलं, पानावर बसवलं. जेवताना दोघं पावसापाण्यावर बोलले. हात धुतल्यावर सुभेदारांनी विषय काढला. म्हणाले, कागद घ्या, मी सांगतो तसं लिहा, सोळा आणे चुकलो म्हणून.

आण्णांनी निमूटपणे कागद घेतला. टोपण काढलं.

आक्का दारातून म्हणाल्या, "लिव्हायच्या आदी ऐकवा की पावण्यास्नी. कशापायी भांडला ते तरी कळू दे त्यास्नी."

आण्णांना ते नको होतं, हे त्यांच्या खांद्यांवरून दिसत होतं. पण आक्कांनी पोत्याचं कापड स्वतःच ओढून काढलं होतं. बाहेर ऊन रणरणत होतं. नदीकाठच्या मोटारी सुरू असणार, कारण सोप्यातला बल्ब पिकल्या हळदीसारखा झाला होता. आण्णांनी सात नंबर लावली.

सुभेदार हसायच्या तयारीनं बसले होते. ओठ दुमडलेले, काठीवर हात. क्लॅरनेट सुरू झाला, ओढत, थांबत, दाराशी घुटमळत. मग तो गवई. तो कधीच न जन्मलेला जड आवाजाचा माणूस. मी सुभेदारांकडे बघत होतो. आधी त्यांचे ओठ सुटले. मग काठीवरचे हात सैल झाले. गाणं संपल्यावर सुई करकरत राहिली आणि कुणी ती उचलली नाही.

"परत लावा," सुभेदार म्हणाले.

आण्णांनी परत लावली. दुसऱ्यांदा संपल्यावर सुभेदार सोप्याच्या खांबाकडे बघत बोलले. आम्हाला सांगत होते असं वाटलं नाही.

"नाचलो त्या दिशी शंभरेक गडी आसतील. सकाळच्याला निम्मी पलटण म्होरं नदीवर गेली. आमी बँडवाले मागं ऱ्हायलो. गेल्यालं लय जन आलं न्हाईत." मग म्हणाले, "ह्ये त्यात हुतं, आण्णा. ह्येबी हुतंच त्यात. तवा लय जोरात चाललं हुतं, ऐकू आलं न्हाई."

आण्णांनी सुई उचलून ठेवली. "पन ती बाई हाय," ते म्हणाले. "बाईच हाय. मी बाप्या म्हनलो."

"व्हय, त्ये चुकलासाच."

"मग सोळा आणे?"

सुभेदारांनी डोळे पुसले ते मिशा पुसल्यासारखं करून. म्हणाले, "आमच्या बाची हळद ह्याच पेठंत यायची. काडा रुमाल."

आता रुमालाचं सांगायला पाहिजे. हळदीचा भाव त्या वेळी काही जुने व्यापारी तोंडानं बोलत नसत. दोघांनी हातात हात घ्यायचा, वरून रुमाल टाकायचा, आणि आत बोटं दाबून भाव करायचा. किती बोटं, कुठलं पेर, सगळ्याला आकडे ठरलेले. भोवती शंभर माणसं उभी असली तरी त्यांना फक्त हलणारं कापड दिसतं. आण्णांनी खांद्यावरचा पंचा काढला, दोघांच्या हातांवर टाकला, आणि आत सौदा सुरू झाला: किती चूक, किती बरोबर.

असा सौदा मी त्या पेठेत पाहिला नाही. लाखाच्या मालाला लागणार नाही इतका वेळ त्याला लागला. एकदा सुभेदारांनी मान झटकली. एकदा आण्णा हसले. एकदा बहुधा दोघांचीही बोटं नुसती एकमेकांत पडून राहिली, कारण कापड हलायचं थांबलं होतं, आणि दोघंही भिंतीकडे बघत होते. मग पंचा एकदम उचलला गेला.

मी विचारलं, किती ठरलं. दोघांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी गोळ्या विकायला आलोय.

पुढच्या आठवड्यात खताच्या जाहिरातीच्या जागी चौकट आली. ते कात्रण माझ्याकडे सगळ्यांच्या वर असतं. "सदर लेखकाने आजवर जे लिहिले ते सांगलीच्या दुपारच्या विजेवर ऐकून लिहिलेले आहे. वाचकांनी आपापल्या गावच्या विजेप्रमाणे दुरुस्ती करून घ्यावी. सात नंबरमध्ये बाई आहे. बाकी मजकूर कायम." त्यानंतर स्तंभ पुन्हा सुरू झाला, आणि प्रत्येक परीक्षणाच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असे: मोटारी चालू, किंवा मोटारी बंद. मी अनेक विद्वानांचं लिखाण वाचलं आहे. आपण कुठल्या विजेवर ऐकलं हे खाली लिहिणारा दुसरा भेटला नाही.

पण हे पुढचं. त्या दिवशी सुभेदारांना एस.टी.वर बसवून मी आणि आण्णा परत आलो तेव्हा उन्हं उतरली होती. दुकानाच्या पायरीवर एक शेतकरी नमुन्याची पिशवी घेऊन बसला होता. त्याचा आणि एका व्यापाऱ्याचा तंटा लागला होता, आणि बाकीची दुकानं टाळून तो इथं का आला होता, कोण जाणे. बहुधा नवखा असावा. आण्णांनी पिशवीत हात घालून हळकुंड काढलं, कानापाशी नेलं आणि मोडलं. दिवाणजींनी सवयीनं आपला कान पुढे केला. आण्णांनी तो पाहिलाच नाही. डोळे मिटून ते तसेच उभे राहिले, हळकुंडाचे दोन तुकडे कानाशी धरून, आवाज केव्हाच संपला होता तरी.

मग त्यांनी मावळतीकडे पाहिलं आणि तुकडे शेतकऱ्याच्या हातात ठेवले.

"माल बरा वाटतोय," ते म्हणाले. "पन सकाळी या. उन्हात बघू."